चपला वाचणाऱ्या रजिस्ट्रारबाई

रजिस्ट्रारबाई कुठल्याही चर्चमध्ये शिरण्याआधी दारात काढलेल्या चपला वाचत. ‘पाहत’ असं मी म्हणत नाही. पाहतो आपण सगळेच, आपली जोडी कुठे ठेवावी म्हणून. बाई पदर सावरत दोन मिनिटं दारात उभ्या राहत, चपलांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत आणि मग आत जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसत. उपासना संपली, की तिथल्या पाळकाला बाजूला घेऊन विचारत, “सासवा येऊन राहिल्या, सुना नाई येऊन राहिल्या. काहून जी?” पाळक चक्रावून जाई. बाई त्या गावात आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या असत. दारात झिजलेल्या, अंगठे शिवून घेतलेल्या चपलांची रांग होती आणि तरण्या बायकांची एकही जोडी नव्हती, हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

या बाई आमच्या संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. आमची पाच धर्मशास्त्र महाविद्यालयं, मुख्य कार्यालय अमरावतीत. पाळक होऊ पाहणारी मुलं-मुली तिथे शिकतात आणि शिकून गावोगावच्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, जातात. पाचही ठिकाणचे प्राचार्य, पंचवीस-तीस शिक्षक, वसतिगृहं, स्वयंपाकघरं, बोर्डाच्या बैठका, हा सगळा गाडा या बाई हाकत. आणि त्यांच्या हाताखाली मी होतो, जो खरं म्हणजे त्यांच्या जागी असायला हवा होता. निदान माझं मत तसं होतं आणि ते मी बरीच वर्षं निष्ठेने सांभाळलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहितो आहे ते मत्सराने टिपलेलं आहे. मी बाईंवर जळत होतो. त्या कुठल्या बसने येतात, कोणाच्या घरी चहा घेतात, कोणाची पाठ थोपटतात, सगळ्यावर माझी नजर असे. त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं पुष्कळ होती, पण त्यांना बाईंबद्दल विचारलं तर “फार चांगल्या होत्या हो” यापलीकडे काही सांगता येत नाही. मला मात्र सगळं बारीकसारीक आठवतं.

त्या आल्या तेव्हा टायपिस्ट होत्या. अंजनगाव सुर्जीच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी तेव्हा नुकताच दक्षिणेतून पदवी घेऊन, पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन परतलो होतो आणि ग्रीक शिकवत होतो. अख्ख्या अमरावती जिल्ह्यात ग्रीक येणारी माणसं एका रिक्षात मावली असती आणि त्या रिक्षात मधली जागा माझी असती. बोलताना मी शुद्ध मराठी बोलायचो, अजूनही बोलतो. आईवडिलांची वऱ्हाडी मी शिकायला गेलो तेव्हाच बडनेरा स्टेशनवर सोडून दिली होती. बाईंनी ती कधीच सोडली नाही. बोर्डाचे अध्यक्ष समोर असोत की परदेशातले पाहुणे, त्यांचं आपलं “तुमी बसा ना जी” चालूच.

टायपिस्टच्या रजिस्ट्रार झाल्या त्या त्यांच्या खोक्यांमुळे. बुटांची रिकामी खोकी त्या दुकानांतून मागून आणत आणि त्यात कार्डं ठेवत. शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड. कोणत्या गावी नेमणूक झाली, बायकोचं नाव काय, पाणी किती लांबून आणावं लागतं, मंडळीत भांडण कशावरून आहे, हे सगळं त्यात. एकदा मी म्हणालो, “बाई, महाविद्यालयाचं काम शिकवणं. पुढे त्यांचं ते बघतील.” त्या मान वर न करता म्हणाल्या, “गिरणीवाला पीठ दळून देते, तं दुसऱ्या दिवशी विचारते ना जी, पोळ्या कशा झाल्या म्हनून?” मी धर्मशास्त्राचा प्राध्यापक, आणि मला गिरणीवाला शिकवून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा नाकाला मिरच्या झोंबल्या.

आमच्याकडे बुधवारी जेवणानंतर सरावाचा उपदेश असतो. एका विद्यार्थ्याने चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उपदेश करायचा आणि मग सगळ्यांनी त्यातले दोष दाखवायचे. या तासाला माझा दरारा होता. एकदा मेळघाटातला सायमन क्षमेवर बोलला. मी त्याचे चौदा दोष काढले, क्रमवार, आणि तीन मूळ ग्रीक शब्द फळ्यावर लिहून दिले. पोरगं घामाने भिजलं. बाई हजेरी घ्यायला मागे बसल्या होत्या, त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. तास सुटल्यावर त्यांनी सायमनला कार्यालयात नेलं, चहा दिला. दार उघडंच होतं आणि मी मुद्दाम बाहेर सूचनाफलक वाचत उभा होतो.

“कोणाले सांगून राहिला होता तू?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांले, बाई.”

“सगळे म्हंजे कोनीच नाई. एक मानूस पकड. तुह्या मायले सांग.”

पुढल्या वेळी सायमन बोलला तेव्हा चॅपलमध्ये चिडीचूप झालं. मी त्याचं कौतुक केलं आणि माझ्या चौदा सूचना कशा कामी आल्या हेही सांगितलं. पण पुढे मेळघाटात त्याच्या मंडळीने नवं चर्च बांधलं तेव्हा फीत कापायला बाईंना बोलावणं आलं. मला पोस्टाने पत्रिका आली. ती पत्रिका मी शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवली. ती म्हणाली, “पत्रिका तरी छान छापली आहे.”

मग जुने संचालक निवृत्त झाले. बोर्डाने ठरवलं, की आता नव्या काळाला साजेसं मुख्य कार्यकारी अधिकारी असं पद करायचं. माझ्या मनात शंकाच नव्हती. शिक्षण माझं जास्त, सेवा माझी जास्त, दीक्षित पाळक मी. मी उन्हाळ्यात कोट शिवायला टाकला. ज्यांनी अमरावतीचा उन्हाळा पाहिला आहे त्यांना यावरून माझ्या खात्रीची कल्पना येईल. शालिनीने तर अकोल्याला बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

मुलाखतीला दोनच नावं होती, माझं आणि बाईंचं. बाईंनी अर्ज केला नव्हता, बोर्डातल्याच कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. मला वाटलं, शोभेला ठेवलं असेल. दोघांनाही मुख्य प्रश्न एकच विचारला गेला: अकोल्याचं महाविद्यालय ठेवायचं की बंद करायचं? तिथे तेव्हा अकराच विद्यार्थी होते. मी तीन मुद्द्यांत उत्तर दिलं. बंद करावं, अमरावतीत विलीन करावं, इमारतीचा उपयोग शिबिरांसाठी करावा. प्रत्येक मुद्द्याला शास्त्राधार. बाहेर आलो तेव्हा कोट पाठीला चिकटला होता आणि मी खूश होतो.

बाई पाच मिनिटांत बाहेर आल्या. मी विचारलं, “काय सांगितलंत अकोल्याचं?”

“काई नाई जी. म्या म्हनलं, मी तिथं जाऊन पाह्यलं नाई. पाहून येते अन् मंग सांगते.”

मला त्यांची दया आली. मुलाखतीत कोणी असं बोलतं का? संध्याकाळी अध्यक्षांनी निकाल सांगितला आणि ती दया जागच्या जागी थिजली.

शास्त्रात एक गोष्ट आहे. बारा प्रेषितांतली एक जागा रिकामी झाली, तेव्हा दोन नावं पुढे आली. दोघंही चांगली, दोघंही सुरुवातीपासून बरोबर असलेली. चिठ्ठी टाकली, ती एकाच्या नावाने निघाली. दुसऱ्याचा पुढे कुठेही उल्लेख नाही. हा भाग मी वीस वर्षं शिकवत होतो. शिकवताना नेहमी ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली त्याच्याविषयी बोलायचो. त्या संध्याकाळी घरी येताना पहिल्यांदा दुसरा आठवला.

पहिल्या बैठकीत सगळे त्यांना “मॅडम” म्हणू लागले. मी मुद्दाम म्हणालो, “रजिस्ट्रारबाई, माझा एक मुद्दा आहे.” त्यांना त्यांची जुनी पायरी दाखवावी हा हेतू, सरळ सांगतो. बाई हसल्या. “हे बरं आहे जी सर. ते मोठ्ठं नाव माह्या तोंडातच मावत नाई. मले रजिस्ट्रारबाईच म्हना.” आठवड्याभरात पाचही महाविद्यालयांत त्या पुन्हा रजिस्ट्रारबाई झाल्या. पोरं ते नाव इतकं लाडाने घेत, की ऐकवत नसे. टोमणा मी मारला आणि तो त्यांचं टोपणनाव होऊन बसला.

बाईंनी गादीवर आल्या आल्या नियम काढला: प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून एका रविवारी एखाद्या गावातल्या मंडळीत जाऊन मागच्या बाकावर बसायचं. न कळवता. उपदेश करायचा नाही, तपासणी करायची नाही, नुसतं बसायचं. “आपून शिकवलेलं तिथं कसं शिजून राहिलं, त्याचा वास तं घ्या,” म्हणाल्या. मी पहिल्यांदा वलगावला गेलो. बूट पॉलिश केलेले होते. दारात चपलांचा ढीग होता, मातीने माखलेला. मी बूट त्या ढिगापासून लांब, कडेच्या पायरीवर काढले, टाचा भिंतीला आणि टोकं बाहेरच्या दिशेला, म्हणजे संपल्यावर पटकन निघता येईल. इतकी वर्षं मी तसेच काढत आलो होतो. ते कोणाच्या लक्षात येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि मग बाईंनी ग्रीकला हात घातला.

अमरावती सोडून बाकी चार ठिकाणी ग्रीक ऐच्छिक केलं. “ग्रीक वाईट नाई जी सर,” मला बोलावून म्हणाल्या. “पन पोट्टे पयल्या वर्षीच भिऊन पळून राहिले. ज्याले पायजे त्याले भरपूर द्या. ज्याले नाई पायजे त्याच्या गळ्यात काहून बांधता?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची घेतली ती घेतली, आता माझा विषयही. घरी येऊन मी बोर्डाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. खाली सही केली नाही. आयुष्यात असं हलकं काम मी तेवढं एकच केलं आणि त्याची मला आजही लाज वाटते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप केलं, कॉलेजच्या प्रिंटरवर नको म्हणून बडनेऱ्याला जाऊन छापून घेतलं आणि तिथल्याच पेटीत टाकलं. परत येताना अगदी निश्चिंत होतो.

पुढल्या बैठकीत अध्यक्ष स्वतः आले. पाचही प्राचार्य आणि सगळे शिक्षक जमले होते. अध्यक्षांनी ते पत्र बाईंच्या हातात दिलं. बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पत्राच्या सुरुवातीला एका शास्त्रभागाचा संदर्भ होता. मग थोडी प्रस्तावना. मग “यावरून आपल्याला तीन मुद्दे दिसून येतात.” इथे अकोल्याचे प्राचार्य नखं पाहू लागले. पहिला मुद्दा, मूळ भाषांची उपेक्षा. दुसरा मुद्दा, दीक्षा नसलेल्या व्यक्तीच्या हाती धर्मशास्त्राची धुरा. तिसरा मुद्दा, अकोल्याचं महाविद्यालय भावनेपोटी चालू ठेवलं आहे, तिथे धड शिकवणारा माणूस नाही. तिसऱ्या मुद्द्याचे तीन पोटमुद्दे. कोणीतरी खोकलं. माझे कान तापले. मी पत्र लिहायला बसलो होतो आणि हाताने सवयीने उपदेश लिहून टाकला होता, आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय हे कोणाला जमणार नाही. शेवटी आशीर्वाद होता. तोही बाईंनी पूर्ण वाचला, “आमेन”सकट. आणि खोलीतून, जन्माच्या सवयीने, तीन-चार आवाज उमटले, “आमेन.”

त्यात एक माझा होता.

बाईंनी पत्राची घडी घातली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ज्यानं हे लिहलं तो मानूस शिकलेला आहे अन् दुखावलेला आहे,” त्या म्हणाल्या. “पयला मुद्दा मले पटत नाई. दुसरा बराबर आहे, माह्यापाशी दीक्षा नाई, ते मले रोज मालूम असते. तिसऱ्यात अर्धं खरं आहे. अकोल्यात चांगला शिकवनारा पायजे. तं आपून चांगला मानूस धाडू.” मग पुढचा विषय घेतला, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीचा.

दुसऱ्या दिवशी मला आदेश आला. दर गुरुवारी आणि शुक्रवारी अकोल्याला जाऊन शिकवावे, महिन्यातून एका रविवारी तिथल्या चॅपलमध्ये उपदेश करावा. विषय: ग्रीक, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. मी शालिनीला म्हणालो, “सूड घेतला बाईने.” शालिनीने डबा भरला.

अकोल्याचे विद्यार्थी नोकऱ्या करणारे होते. एक लाइनमन, एक शिंपी, दोन शाळामास्तर, एक शाळेतला क्लार्क, सरकारी दवाखान्यातली नर्स सुनंदा. सुट्टी झाली, की सायकली आणि स्कूटरी लावून वर्गात येत. ग्रीक ऐच्छिक होतं, म्हणून मी रिकाम्या वर्गाच्या तयारीने गेलो. अकराही जण बसले होते. मी विचारलं, कशाला हवं आहे ग्रीक? लाइनमन म्हणाला, “रजिस्ट्रारबाई म्हने, असा शिकवनारा अख्ख्या महाराष्ट्रात नाई. म्हनलं, पाहू तं खरं.” म्हणजे इथेही बाई माझ्याआधी येऊन, बसून, पाहून गेल्या होत्या, आणि माझ्याबद्दल चांगलं बोलून गेल्या होत्या. माणसाला सुखाने द्वेषसुद्धा करू देत नव्हत्या.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी त्या दोन नावांचा आणि चिठ्ठीचा भाग घेतला. शब्दांची फोड झाली, व्याकरण झालं. सुनंदाने हात वर केला. “सर, ज्याची चिठ्ठी नाई निघाली, त्याचं काय झालं?”

“शास्त्र सांगत नाही.”

“नाई सांगत ते कळलं. पन तो घरी गेला, का तिथंच राह्यला?”

तिला काही माहीत नव्हतं. ती दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली, तिला सरळ प्रश्न पडला आणि तिने विचारला. मी घड्याळ पाहिलं आणि वर्ग सोडला. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी तो प्रश्न शेजारच्या सीटवर बसून होता.

पुढच्या रविवारी अकोल्यात माझा उपदेश होता. मी तोच भाग घेतला. बस उशिरा पोचली, आत गाणं सुरू झालेलं. मी धावत पायऱ्या चढलो, बूट काढले आणि तसाच व्यासपीठावर गेलो. कागदावर तीन मुद्दे लिहून आणले होते, पण कागद पिशवीत आणि पिशवी दारात राहिली. मग मी त्या दुसऱ्या माणसाशी बोललो. त्याला म्हणालो, तुझं नाव निघालं नाही तेव्हा तुला राग आला असेल. ज्याचं निघालं तो चांगला होता, म्हणून तो राग आणखी कडू झाला असेल. तू लोकांसमोर हसला असशील आणि घरी जाऊन जेवला नसशील. मला तुझी माहिती नाही, पण तू गेला नाहीस असं मी धरून चालतो, कारण काम तर दोघांनाही पुरून उरेल इतकं होतं. असंच बरंच काही. बोलता बोलता मागे नजर गेली. शेवटच्या बाकावर बाई बसल्या होत्या.

उपासना संपल्यावर बाहेर आलो आणि बूट सापडेनात. कडेच्या पायरीवर पाहिलं, नव्हते. बाई दारात उभ्या.

“काय शोधून राहिले जी सर?”

“बूट.”

“तिथं नाई, इथं पाहा.” त्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं. शिंप्याच्या चपला आणि कोणा लेकराच्या लाल बुटांच्या मधे माझे बूट आडवेतिडवे पडले होते. “इतक्या वर्षांत पयल्यांदाच सगळ्याईत पाह्यले म्या तुमचे बूट,” बाई म्हणाल्या.

मी खाली बसून नाड्या बांधू लागलो. वर पाहायची हिंमत नव्हती. बाईच पुढे म्हणाल्या, “तो तिसरा मुद्दा बराबर होता तुमचा. अकोल्याले मानूस पायजेच होता.”

“कोणता तिसरा मुद्दा?” मी म्हणालो.

“आमेन म्हनलं होतं ना जी तुमी?”

त्या हसल्या नाहीत. रिक्षा थांबवली आणि स्टँडवर गेल्या. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा मला हेच डाचत होतं, की क्षमेवर वर्षानुवर्षं मी बोललो आणि क्षमा करायची वेळ आली तेव्हा ती बाईंनी केली, तीही चालता चालता, रिक्षावाल्याला हात दाखवत.

पुढे बाईंचं दुखणं निघालं. काम सोडून त्या अंजनगावला भावाकडे गेल्या. जाताना बोर्डाला सांगून गेल्या, की आता सरांना विचारा. अध्यक्ष माझ्या घरी आले. ज्या खुर्चीसाठी मी इतका जळफळलो ती माझ्या दिवाणखान्यात चालत आली होती. मी लगेच नाही म्हणालो असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मी दोन दिवस मागून घेतले. कपाटातून तो कोट काढला, घालून पाहिला, बटणं लागेनात. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी अध्यक्षांना फोन करून म्हणालो, माझा अकोल्यात वर्ग असतो, मला जमणार नाही. बाईंना हे कोणीतरी कळवलं. त्यांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. “काहून नाई म्हनलं जी सर? तुमाले तं पायजे होती.” मी म्हणालो, “अकरा माणसं वाट पाहत असतात, बाई.” त्या म्हणाल्या, “अकरा नाई. या सालचे नवे धरून सतरा आहेत.” अंथरुणावरूनही कार्डं चालूच होती.

माफी मी त्या फोनवरही मागितली नाही. पुढच्या आठवड्यात अंजनगावला जाऊन समोरासमोर मागू, असं ठरवलं होतं. त्याआधीच ग्रुपवर निरोप आला.

दफनविधी अंजनगावातच झाला. सायमन मेळघाटातून उपासना चालवायला आला होता. चर्च गच्च भरलं होतं, लोक भिंतींना टेकून उभे होते, पण शेवटचा बाक रिकामा होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी तिथे कोणी बसलं नाही. सायमनने गाण्यानंतर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सरांनी बोलावं.” माझी तयारी नव्हती. उठलो, समोर उभा राहिलो आणि क्षणभर कळेना कोणाला सांगायचं. मग त्या रिकाम्या बाकाला सांगितलं. पत्र मी लिहिलं होतं, हे सांगितलं. बडनेऱ्याला जाऊन छापलं होतं, हेही सांगितलं. लोकांना त्यात फारसं नवं काही वाटलं नाही. पाचही महाविद्यालयांत ते शिपायांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, असं नंतर कळलं. पण मी ते मोठ्याने बोललो आणि बसलो. सायमन बाहेर मला म्हणाला, “सर, तुमचा आजपर्यंतचा सगळ्यात चांगला उपदेश.” ज्यांनी दाद द्यायची त्या ऐकायला नव्हत्या.

कबरस्तानातून परतलेली माणसं चपला काढून शेवटच्या प्रार्थनेला पुन्हा आत गेली, तरी मी दारातच होतो. चपला पायऱ्यांवरून उतरून थेट रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. मी उभा राहून पाहू लागलो आणि, देवाशपथ, पहिला विचार हाच आला, की माझ्या वेळी इतक्या येतील का? मेलेल्या बाईवरही मी जळत होतो. मग हळूहळू एकेक जोडी दिसू लागली. लाइनमनचे जाड बूट. टायरच्या तळाच्या मेळघाटातल्या चपला. काळ्या मातीने जड झालेल्या, शेतातून तशाच आलेल्या. नर्सचे पांढरे सँडल. अंगठे शिवलेल्या म्हाताऱ्या चपला पुष्कळ, आणि त्यांना लागून, नव्या पट्ट्यांच्या, टिकल्या लावलेल्या, तरण्या पायांच्याही तितक्याच.

प्रार्थना संपल्यावर सुनंदा सँडल घालायला वाकली आणि मला तसं उभं पाहून थांबली. “सर, काय शोधून राहिले? बूट नाई सापडून राहिले काय?”

“बूट आहेत तिथे कुठेतरी,” मी म्हणालो. “पाहून राहिलो. सासवा आल्या, अन् सुनाबी आल्या.”